विद्यापीठाला ‘आम्हाला कळलंच नाही’ असं म्हणता येऊ नये: अमेरिकेत ज्यू विद्यार्थ्याशी भेदभाव झाला तर काय करायचं

पेण-अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत आत शिरताना उजव्या हाताला, चौकटीवर बोटभर लांबीची एक डबी दिसते. तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्राची गुंडाळी असते आणि तिच्यावर हिब्रूत तोरा या ज्यू धर्मग्रंथातली वचनं लिहिलेली असतात. अमेरिकेतल्या वसतिगृहांत राहणारी ज्यू मुलं हीच डबी खोलीच्या चौकटीला दुहेरी चिकटपट्टीनं लावतात, कारण तिथं खिळा ठोकायची परवानगी नसते. मग एखाद्या सकाळी दार उघडावं तर डबी जागेवर नसते, जिन्यात फुटून पडलेली असते. बहुतेक मुलं अशा वेळी ती उचलतात, पुन्हा चिकटवतात, आईला फोन करतात आणि वर्गात जातात. हे माणसासारखंच वागणं आहे, पण त्यात पुरावाही जातो आणि विद्यापीठाला काही कळतही नाही.

या लेखाचा सगळा भर त्या ‘कळण्या’वर आहे. अमेरिकी कायदा विद्यापीठाला प्रामुख्यानं दोन गोष्टी विचारतो: तुम्हाला हे माहीत होतं का, आणि माहीत झाल्यावर तुम्ही काय केलं? मॅसॅच्युसेट्समधल्या एकाच संघीय न्यायाधीशांनी २०२४ च्या उन्हाळ्यात आठवडाभराच्या अंतरानं दोन निकाल दिले. एमआयटीविरुद्धचा दावा फेटाळला, हार्वर्डविरुद्धचा पुढे चालू दिला. दोन्हीकडे निदर्शनं झाली होती, दोन्हीकडे ज्यू विद्यार्थ्यांना त्रास झाल्याची तक्रार होती. फरक होता तो मुख्यतः संस्थेनं काय हालचाल केली यात. एमआयटीचा निकाल ऑक्टोबर २०२५ मध्ये अपील न्यायालयातही कायम राहिला. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पाऊल असं टाका की विद्यापीठाला कळलं, कधी कळलं आणि कुणाला कळलं हे कागदावर राहील.

पहिला तास

वस्तूला हात लावू नका. आधी फोटो काढा, तेही तीन अंतरांवरून: दूरचा, ज्यात पूर्ण मार्गिका आणि खोलीचा क्रमांक दिसतो, मधला, ज्यात दार दिसतं, आणि अगदी जवळचा. दारावर काही लिहिलं असेल तर बाजूला पेन किंवा ओळखपत्र धरून फोटो घ्या, म्हणजे अक्षरांच्या आकाराचा अंदाज येतो. मग कॅम्पस पोलिसांना फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ‘नोंद केली’ एवढ्यावर फोन ठेवू नका. सफाई कर्मचारी येऊन भिंत पुसण्याआधी पोलिसांनी ती पाहिलेली असली पाहिजे. वसतिगृहातला रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे मजल्याची देखरेख करणारा विद्यार्थी, चांगल्या हेतूनं घाईघाईनं पुसायला काढतो आणि त्यात सगळं जातं, असं नेहमी घडतं. तुटलेले तुकडे पोलिसांनी नेले नाहीत तर कागदी पिशवीत ठेवा आणि पिशवीवर तारीख-वेळ लिहा.

त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी करा. हे पाऊल सर्वांत जास्त चुकतं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. दोन महिन्यांनी चौकशी सुरू होते तेव्हा ‘चित्रण उपलब्ध नाही’ हे उत्तर मिळतं, आणि ते खरंही असतं. मेलमध्ये इमारत, मजला, जिना, आणि किती ते किती वाजेपर्यंतचं चित्रण हवं ते लिहा. ‘रात्री ११ ते सकाळी ८, तिसरा मजला, पूर्वेकडचा जिना’ अशी मागणी नाकारणं कठीण असतं. ‘कालचं चित्रण’ असं लिहिलं तर टोलवाटोलवी सोपी होते.

धमकी असेल, म्हणजे जीव घेण्याची, मारहाणीची, जागा पेटवण्याची, तर ते प्रकरण विद्यापीठाच्या कार्यालयांचं उरतच नाही. ९११ लावा. २०२३ च्या ऑक्टोबरात कॉर्नेलमधल्या ज्यू विद्यार्थ्यांना ऑनलाइन जिवे मारण्याच्या धमक्या आल्या तेव्हा तपास एफबीआयनं केला आणि धमक्या देणाऱ्या विद्यार्थ्याला २०२४ मध्ये २१ महिन्यांची कैद झाली.

कायदा नेमका काय सांगतो

आधार आहे १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधला टायटल सिक्स. संघीय पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेत वंश, रंग किंवा राष्ट्रीय मूळ यावरून भेदभाव करायला तो बंदी घालतो. विद्यार्थ्यांना मिळणारं संघीय अर्थसाहाय्यही यात मोजलं जातं, त्यामुळे खासगी असोत वा सरकारी, जवळजवळ सगळी विद्यापीठं त्याच्या कक्षेत येतात.

या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही, हे नीट ध्यानात घ्या. मग ज्यू विद्यार्थी यात कसा बसतो? समान वंशपरंपरा किंवा वांशिक वैशिष्ट्यं या आधारावर. शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सनं, म्हणजे ओसीआरनं, २००४ पासून ही भूमिका घेतली आहे, आणि वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांनी ती पुढे चालवली. त्याआधी १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सिनेगॉगच्या भिंती रंगवून विद्रूप केल्याच्या खटल्यात ज्यूंना वांशिक भेदभावाविरुद्धच्या जुन्या कायद्याचं संरक्षण दिलं होतं.

व्यवहारात याचा अर्थ असा: तक्रारीत फक्त ‘माझ्या धर्माचा अपमान झाला’ असं लिहिलं तर ओसीआर म्हणेल की हे आमच्या अधिकारात नाही. ‘मी ज्यू वंशपरंपरेचा आहे म्हणून, किंवा तसा समजला गेलो म्हणून, माझ्याशी अशी वागणूक झाली’ हे वाक्य तक्रारीत असायलाच हवं. योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या सर्वांत पवित्र उपासाच्या दिवशी परीक्षा ठेवली आणि बदलून दिली नाही, ही तक्रार मुख्यतः धार्मिक सवलतीची आहे. तिचा रस्ता विद्यापीठाच्या धार्मिक रजेच्या नियमांतून आणि त्या त्या राज्याच्या कायद्यातून जातो. पण तीच सवलत मागताना प्राध्यापकानं ज्यू लोकांबद्दल काही बोलून दाखवलं, तर टायटल सिक्सचा मुद्दा तयार होतो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा.

‘समजला गेलो म्हणून’ हे शब्द फार मोलाचे आहेत. संरक्षण खऱ्या ओळखीला मिळतं तसंच समोरच्यानं गृहीत धरलेल्या ओळखीलाही मिळतं. दिवेकर किंवा पेणकर आडनावाची, रंगानं कोकणातल्या कुणाही मुलीसारखी दिसणारी बेने इस्राएल विद्यार्थिनी तिथं दोन्हीकडून अडते. कुणी तिला ज्यू म्हणून त्रास देतो, आणि तक्रार घ्यायला बसलेला अधिकारी म्हणतो, ‘पण तुम्ही तर भारतीय आहात.’ तिनं स्पष्ट लिहावं की आपण भारतीय ज्यू आहोत, आपला समाज शतकानुशतकं कोकणात राहत आला आहे, आणि त्रास देणाऱ्याला आपण ज्यू आहोत हे अमुक कारणानं माहीत होतं: गळ्यातला दावीदाचा तारा, शनिवारची प्रार्थना, समाजमाध्यमावरचा फोटो. कुणी ‘तू ज्यू दिसत नाहीस’ म्हटलं असेल तर तेही शब्दशः लिहा. शिवाय हेच संरक्षण शीख, हिंदू, मुस्लिम, अरब, पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांनाही याच आधारावर मिळतं. ज्यू विद्यार्थ्याची बाजू घेताना दुसऱ्या कुणाचं संरक्षण कमी होत नाही, हे मित्रमंडळींना सांगायची वेळ येते, तेव्हा हे आठवावं.

निषेध कुठे संपतो आणि छळ कुठे सुरू होतो

तक्रारी सर्वांत जास्त इथेच फसतात, म्हणून जरा थांबून पाहू. सरकारी विद्यापीठ राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनं बांधलेलं असतं. ते विचार आवडला नाही म्हणून बोलणं बंद करू शकत नाही. खासगी विद्यापीठाला ती दुरुस्ती थेट लागू नसते, पण बहुतेकांच्या स्वतःच्या नियमपुस्तिकेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी असते. म्हणून चौकातल्या घोषणा, इस्रायल सरकारवर कडक टीका करणारं व्याख्यान, बहिष्काराची मागणी करणारा लेख, भिंतीवरचा फलक हे कितीही झोंबलं तरी तेवढ्यावर तक्रार सहसा टिकत नाही. त्या निदर्शनांत ज्यू विद्यार्थीही असतात, हेही खरं आहे.

चित्र बदलतं ते बोलण्याचा रोख माणसाकडे वळतो तेव्हा. यूसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या सरकारी विद्यापीठात २०२४ च्या वसंतात तंबू ठोकणाऱ्या निदर्शकांनी विद्यापीठाच्या मधोमध नाके उभे केले. आपली श्रद्धा, इस्रायलशी असलेलं नातं नाकारायला तयार नसलेल्या ज्यू विद्यार्थ्यांना तिथून जाऊ दिलं गेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये संघीय न्यायाधीशांनी विद्यापीठाला मनाईहुकूम दिला: काही विद्यार्थ्यांना बंद असलेली जागा किंवा सोय इतरांना चालू ठेवायची नाही. न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या महाविद्यालयात २५ ऑक्टोबर २०२३ ला ज्यू विद्यार्थी ग्रंथालयात बसलेले असताना निदर्शक बाहेरून दारं-काचांवर धडका देत राहिले. त्या खटल्यात न्यायाधीशांनी अगदी कामाची रेघ ओढली. सार्वजनिक प्रश्नावरचं राजकीय बोलणं दाव्याचा आधार होऊ शकत नाही, असं म्हणून त्यांनी तो भाग बाजूला काढला. पण दारावर धडका देणं, माणसांना घाबरवणं या वागण्यावरचा दावा त्यांनी पुढे चालू दिला.

तुमच्या तक्रारीतही हीच गाळणी आधी तुम्हीच लावा. अडवलं, ढकललं, पाठलाग केला, थुंकले, दारावर नाझी चिन्ह काढलं, प्रकल्पगटातून आडनाव पाहून काढलं, प्राध्यापकानं वर्गात ज्यू विद्यार्थ्याला उभं करून इस्रायलच्या कृत्यांचा जाब विचारला, एकाच मुलीला रोज निनावी संदेश येतात: या गोष्टी वरती. वातावरण दाखवणाऱ्या घोषणा आणि फलक खाली, वेगळ्या भागात, ‘पार्श्वभूमी’ म्हणून. क्रम उलटा झाला की वाचणारा पहिल्या पानावरच ‘हे तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ असा शेरा मारून मोकळा होतो.

आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१६ मध्ये केलेल्या ज्यूद्वेषाच्या व्याख्येचा उल्लेख सगळीकडे येतो. तिच्यात ११ उदाहरणं आहेत, त्यांतली अनेक इस्रायलशी निगडित. २०१९ च्या अध्यक्षीय आदेशानं टायटल सिक्सच्या प्रकरणांत हेतू तपासताना ती विचारात घ्यायला सांगितलं. तिचे मुख्य मसुदाकार केनेथ स्टर्न यांनीच मात्र कॅम्पसवर बोलण्याचे नियम म्हणून ती वापरायला जाहीर विरोध केला. दुसऱ्या कुठल्याही देशावर होते तशी इस्रायलवरची टीका ज्यूद्वेष ठरत नाही, असं त्या व्याख्येतच लिहिलं आहे. आमचं मत स्पष्ट आहे: व्याख्येवर तक्रार उभी करू नका, घटनेवर करा. व्याख्या लागलीच तर ‘हा प्रकार अमुक उदाहरणातही बसतो’ एवढं एक वाक्य पुरे. व्याख्येवरचा वाद सुरू झाला की जिन्यातली फुटलेली डबी सगळे विसरतात.

नोंदवही

एकच गंभीर घटना पुरेशी ठरू शकते, पण बहुतेक प्रकरणं लहानलहान घटनांच्या साखळीतून उभी राहतात. ओसीआर पाहतं की एकूण प्रकार इतका गंभीर किंवा इतका वारंवार होता का की विद्यार्थ्याच्या शिक्षणात सहभागी होण्यावर मर्यादा आली. त्यामुळे नोंदीत घटनेइतकंच महत्त्व परिणामाला आहे, आणि नेमकी तीच बाजू मुलं लिहीत नाहीत.

साधी एक्सेल शीट घ्या. तारीख, वेळ, ठिकाण, कोण, नेमके शब्द, कोण हजर होतं, माझ्यावर परिणाम, कुणाला कळवलं, उत्तर काय आलं. एक नमुना पाहा:

‘१४ ऑक्टोबर, मंगळवार, दुपारी २.१०. रसायनशास्त्र प्रयोगशाळा, दुसरं टेबल. गटातला क्ष (नाव माहीत आहे) म्हणाला, “तिला डेटा देऊ नका, ती तिकडे पाठवेल. हे लोक असेच.” य आणि झ तिथं होते. झ हसला. मी टेबल बदललं, प्रयोग अर्धा राहिला, २० पैकी ११ गुण. २१ ऑक्टोबरला लॅबला गेले नाही. संध्याकाळी ५ वाजता प्रशिक्षक सहायकाला मेल केला, उत्तर नाही.’

यात ‘भयंकर’, ‘अमानुष’ असा एकही शब्द नाही, आणि म्हणूनच ती वाचणाऱ्याला हलवते. समोरच्याचे शब्द अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे, शिवीसकट. आठवत नसेल तर ‘साधारण असं म्हणाला’ असं प्रामाणिकपणे लिहा. एक अतिशयोक्ती सापडली की बाकीच्या दहा खऱ्या नोंदींवर संशय येतो. परिणामाच्या रकान्यात बुडालेले तास, सोडलेला विषय, बदललेला रस्ता, शर्टाच्या आत सरकवलेला तारा, काढून खिशात ठेवलेली किप्पा (ज्यूंची छोटी गोल टोपी), समुपदेशकाकडच्या भेटींच्या तारखा, झोपेच्या गोळ्या, सगळं यावं.

स्क्रीनशॉट घेताना फक्त मजकूर कापून घेऊ नका. खात्याचं नाव, तारीख, पत्ता दिसेल असा पूर्ण पडदा घ्या. इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत जाते, म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. हे सगळं विद्यापीठाच्या मेल किंवा ड्राइव्हवर नको. खातं बंद झालं की पुरावा गेला. स्वतःच्या खात्यावर एक प्रत आणि घरी भावाबहिणीकडे एक.

गुपचूप ध्वनिमुद्रण करण्याआधी राज्याचा कायदा पाहा. न्यूयॉर्क किंवा टेक्ससमध्ये संभाषणात तुम्ही सामील असाल तर तुमची एकट्याची संमती पुरते. कॅलिफोर्निया, पेनसिल्व्हेनिया, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथं खासगी संभाषणात सगळ्यांची संमती लागते, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये लपवून केलेलं मुद्रण गुन्हा ठरतं. प्राध्यापकाच्या खोलीतलं बोलणं खिशातल्या फोनवर टिपायच्या नादात तक्रारदारच आरोपी होऊन बसतो. त्याऐवजी बाहेर आल्याबरोबर नोंद लिहा.

विद्यापीठाला कळवणं

दार बरोबर निवडा. बहुतेक कॅम्पसवर ‘बायस रिपोर्टिंग’चा, म्हणजे पूर्वग्रहाच्या घटना कळवण्याचा, ऑनलाइन अर्ज असतो. तो भरा, पण तेवढ्यावर थांबू नका. ती टीम बऱ्याचदा फक्त विचारपूस करते, चौकशीचा अधिकार तिला नसतो. औपचारिक तक्रार जाते समान संधी किंवा नागरी हक्क कार्यालयाकडे. काही ठिकाणी आता खास टायटल सिक्स समन्वयक आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीनं २०२४ मधल्या समझोत्यात असं पद निर्माण करायचं मान्य केलं. कोण आहे ते विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणाच्या पानावर शेवटी दिलेलं असतं.

मेलचा विषयच असा ठेवा की गैरसमजाला जागा नको: ‘ज्यू वंशपरंपरेवरून भेदभाव व छळ, टायटल सिक्सखाली औपचारिक तक्रार’. पहिल्या परिच्छेदात तुम्ही कोण, काय झालं, कधीपासून. मग तारखेनुसार घटना. मग परिणाम. आणि शेवटी मागण्या. ‘आपल्या माहितीसाठी’ अशी मेल पाठवली तर उत्तरही ‘माहिती दिल्याबद्दल आभार’ एवढंच येतं. मागणी स्पष्ट हवी: चौकशी करा, चित्रण आणि मेल जपून ठेवा, चौकशी होईपर्यंत मला दुसरी तुकडी द्या, किंवा त्याला माझ्याशी संपर्क न करण्याचा आदेश द्या, बुडालेल्या लॅबला मुदत द्या, रात्री सोबतीला सुरक्षारक्षक द्या. खोली बदलायची पाळी आली तर ज्यानं त्रास दिला त्याला हलवा, असं म्हणायला लाजू नका. तक्रार करणारीनंच सामान बांधायचं हा उलटा न्याय सर्रास होतो, आणि पुढे तो विद्यापीठाच्याच अंगाशी येऊ शकतो.

तोंडी भेटीत ‘आपण हे अनौपचारिकपणे मिटवू’ असं फार गोड शब्दांत सांगितलं जातं. मिटवायचं असेल तर मिटवा, पण निर्णय तुमचा हवा, आणि भेटीत काय ठरलं याची मेल त्या दिवशीच जायला हवी. सात दिवसांत उत्तर नसेल तर त्याच मेलच्या साखळीत आठवण, नवीन मेल नको. तीस दिवसांनी चौकशी कुठवर आली ते लेखी विचारा. समोरच्या विद्यार्थ्याला काय शिक्षा झाली हे बहुधा सांगणार नाहीत, कारण विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा फेर्पा हा कायदा आड येतो. त्याच कायद्यानं तुमची स्वतःची नोंद मात्र ४५ दिवसांत दाखवणं त्यांना भाग आहे.

आणि एक कळकळीची विनंती: तक्रार पोहोचण्याआधी समाजमाध्यमावर नावानिशी काही टाकू नका. राग समजतो. पण एकदा नाव उघड झालं की समोरचा छळाची उलट तक्रार करतो, साक्षीदार बिथरतात, आणि तुमचा पत्ता-फोन शोधून पसरवणारे जागे होतात. आधीच विद्यापीठाला कळवून आपली ‘डिरेक्टरी’तली माहिती लपवून घ्या, हा हक्क फेर्पाच देतो आणि एक अर्ज पुरतो.

एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर

टायटल सिक्सचं संरक्षण नागरिकत्वावर अवलंबून नाही, आणि भेदभावाची तक्रार केल्यानं व्हिसाचा दर्जा बदलत नाही. धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. त्रासाला कंटाळून विद्यार्थी विषय सोडतो, पदवीच्या विद्यार्थ्याचे १२ क्रेडिट्स पूर्ण राहत नाहीत, आणि दर्जा जातो. म्हणून विषय सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या डीएसओला, म्हणजे व्हिसाच्या नोंदी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा. डॉक्टरांचं किंवा मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र असेल तर कमी भार घ्यायची परवानगी मिळू शकते, पण ती सिस्टीममध्ये आधी नोंदवली गेली पाहिजे, मागाहून नाही.

ओसीआरकडे जाणं

मुदत: घटनेपासून १८० दिवस. कामाचे दिवस नव्हे, कॅलेंडरचे. १० ऑक्टोबर २०२५ ची घटना असेल तर शेवटची तारीख ८ एप्रिल २०२६ येते. आधी विद्यापीठाकडे तक्रार केली असेल तर तिथली प्रक्रिया संपल्यापासून ६० दिवसांत ओसीआरकडे जाता येतं. पण या साठ दिवसांच्या भरवशावर राहू नका. विद्यापीठाची चौकशी रेंगाळली आणि ती ‘औपचारिक तक्रार प्रक्रिया’ होती की नाही यावरच वाद झाला, तर मुदत हातची जाते. फोनच्या कॅलेंडरवर १५० व्या दिवसाची आठवण लावा. मालिका असेल तर शेवटची घटना मुदतीच्या आत असणं महत्त्वाचं.

अर्ज ऑनलाइन आहे, फी नाही, वकील लागत नाही. पीडितानंच करायला हवा असंही नाही. मित्र, पालक, प्राध्यापक, संघटना कुणीही करू शकतं, मात्र ज्याच्याबद्दल आहे त्याची लेखी संमती मागितली जाते आणि तो कागद वेळेत परत न केल्यास प्रकरण बंद होतं. विद्यापीठाला काय कळवलं, कधी, त्यांनी काय केलं हा भाग सर्वांत नीट लिहा. वर सांगितलेली मेलची साखळी इथे जशीच्या तशी जोडली जाते. तक्रार केल्याबद्दल नंतर कुणी गुण कापले, शिफारसपत्र नाकारलं, तर ती सूडाची कारवाई स्वतंत्र उल्लंघन ठरते. तिची नवी नोंद सुरू करा.

ओसीआर तुमचा वकील नाही. सहसा शेवट होतो तो विद्यापीठाशी करारानं: धोरण बदला, प्रशिक्षण द्या, जुन्या तक्रारी पुन्हा तपासा. भरपाईचा चेक देणं हे तिचं काम नाही. वेळही लागतो. मार्च २०२५ मध्ये शिक्षण खात्यानं ओसीआरच्या १२ पैकी ७ प्रादेशिक कार्यालयं बंद करायचा निर्णय घेतला, त्यात बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि शिकागो होती. त्यामुळे याच सत्रात हातात काहीतरी हवं असेल, तर विद्यापीठाकडचे तातडीचे उपाय हाच खरा रस्ता.

न्यायालयाची पायरी अधिक उंच आहे. तिथं छळ गंभीर, सर्वत्र पसरलेला आणि कुणाही समंजस माणसाला आक्षेपार्ह वाटेल असा होता, आणि विद्यापीठानं जाणूनबुजून दुर्लक्ष केलं, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये संघीय अनुदानाशी जोडलेल्या अशाच दुसऱ्या कायद्यांखाली मानसिक त्रासाची भरपाई नाकारली. तोच तर्क इथंही लावला जातो, म्हणून फी, बुडालेलं सत्र, वैद्यकीय बिलं अशा आकड्यांत मांडता येणाऱ्या नुकसानीच्या पावत्या जपा. दाव्याची मुदत राज्यागणिक वेगळी आहे. वकिलाचा सल्ला लवकर घ्या. एडीएल, हिलेल आणि ब्रँडाइस सेंटर या ज्यू संघटनांनी २०२३ मध्ये एका मोठ्या वकिली संस्थेसह कॅम्पसवरच्या ज्यूद्वेषासाठी मोफत कायदेशीर मदतवाहिनी सुरू केली. विद्यापीठात नोकरीलाही असाल, म्हणजे टीए (अध्यापन सहायक) किंवा आरए (संशोधन सहायक), तर नोकरीतल्या भेदभावासाठी ईईओसी हा संघीय आयोग वेगळा दरवाजा आहे. तिथं धर्म हा शब्द कायद्यातच आहे आणि मुदत राज्यानुसार १८० किंवा ३०० दिवस.

आपण, म्हणजे त्याच वर्गातली मराठी मुलं

अमेरिकेत पदव्युत्तर शिकणारे कितीतरी मराठी विद्यार्थी टीए असतात. त्या क्षणी तुम्ही विद्यापीठाचे कर्मचारी आहात आणि तुमचं वागणं विद्यापीठाचं वागणं धरलं जातं. निदर्शनाला गेल्याबद्दल किंवा न गेल्याबद्दल जादा गुण नकोत. वेळापत्रक करताना सण सूर्यास्ताला सुरू होतो हे लक्षात ठेवा: २०२६ चं योम किप्पूर २० सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतं आणि २१ च्या रात्री संपतं. हाच आपल्याकडच्या बेने इस्राएलांचा दारफाळणीचा सण. आठवड्याभरापूर्वी आलेल्या मेलला ‘तारीख बदलली’ असं दोन ओळींचं उत्तर दिलं तर एक अख्खी तक्रार टळते.

स्वस्तिकाचं काय? पाडव्याला दाराबाहेर काढलेलं स्वस्तिक आपल्यासाठी मंगल असतं. समोरच्या खोलीतल्या मुलीची पणजी छळछावणीत गेली असेल तर तिला ते मार्गिकेच्या टोकावरून वेगळंच दिसतं. तिरपं नाही, चार ठिपके आहेत, हे सांगायला आपण तिथं उभे नसतो. २०१५ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात भारतातून आणलेलं छोटं स्वस्तिक सूचनाफलकावर लावणाऱ्या विद्यार्थ्याला निलंबित करण्यात आलं होतं, आणि तो स्वतः ज्यू होता. स्वस्तिक सोडायला कुणी सांगत नाही. खोलीच्या आत काढा, आणि बाहेर काढायचं असेल तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून अर्थ सांगा. कडक बॉसला ‘हिटलर’ म्हणायची आपली सवय मात्र विमानतळावरच सोडा.

मैत्रिणीशी असं काही झालं आणि तुम्ही पाहिलं असेल, तर तुमचा सगळ्यात मोठा उपयोग साक्षीचा आहे. त्याच रात्री, तिच्याशी चर्चा करण्याआधी, तुम्ही काय पाहिलं आणि ऐकलं ते आपल्या शब्दांत लिहून तारीख घाला. दोघींचे शब्द तंतोतंत जुळले तर शिकवल्यासारखे वाटतात. थोडे वेगळे असले तर खरे वाटतात. ती कार्यालयात जाईल तेव्हा तिच्यासोबत जा. आत बसू देणार असतील तर काही बोलू नका, वहीत वेळ आणि मुद्दे टिपा: कोण होतं, काय सांगितलं, कुठल्या तारखेपर्यंत काय करू म्हणाले. बाहेर पडल्यावर खालच्याच बाकावर बसा, मुद्दे तिला वाचून दाखवा, आणि उठण्याआधी तिच्या फोनवरून ‘आज झालेल्या भेटीत ठरलेलं’ ही मेल पाठवून टाका.